पाव टाकी

गाडी बंद पडली ती बाजाराच्या कोपऱ्यावर, भर दुपारी, आणि तेव्हा ती फिटरची बायको चालवत होती. इंजिनानं दोन-तीन आचके दिले. मागच्या सीटखालून एक बारीकशी गुणगुण नेहमी यायची, इतकी सवयीची की तिला ती ऐकूही यायची नाही. ती थांबली तेव्हा मात्र तिला ऐकू आली. दुकानांतल्या चार माणसांनी ढकलत गाडी घरापर्यंत आणून दिली, आणि ढकलताना एकानं विचारलंच, पेट्रोल संपलं नाही ना, काकू?

फिटर फाटकातच उभा होता. त्यानं बॉनेटला हात लावला नाही. मागच्या सीटवर कान टेकवला, बायकोला चावी अर्धी फिरवायला सांगितली, पुन्हा एकदा सांगितली, आणि उठून म्हणाला की टाकीतला पंप गेला.

पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसमध्ये जन्म गेला होता त्याचा. निवृत्त झाला तरी गल्लीत सगळे त्याला फिटरच म्हणत. कुणाच्या घरची मोटर कुरकुरायला लागली की हा रस्त्यावरूनच सांगायचा, बेअरिंग गेलंय, आणि बहुतेक वेळा ते खरंही निघायचं. पंप म्हटलं की स्वारी खूश. पण त्या दुपारी तो खूश दिसला नाही. सीटवरून कान उचलताना त्याचा चेहरा असा झाला, की बायकोनं विचारलं, बरं वाटत नाही का?

गाडी बंद पडायला याहून वाईट वेळ नव्हती. बायकोची धाकटी बहीण, जिला घरात सगळे धाकटी म्हणत, तीन-चार तासांच्या अंतरावर हॉस्पिटलात होती. पोटात गाठ निघाली होती. तीन दिवसांनी ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरांनी जे सांगितलं होतं त्यात आशेला फारशी जागा नव्हती. धाकटीला नवरा नाही, मूल नाही. तिनं फोनवर एवढंच म्हटलं होतं, "ताई, मला आत नेतील तेव्हा तू बाहेर हवीस." बायकोची बॅग तेव्हापासून भरून तयार होती.

दूर नोकरीला असलेली मुलगी संध्याकाळी फोनवर म्हणाली की बाबा, मेकॅनिकला बोलवा, दोन तासांत करून देईल. फिटरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शहराला पाणी पाजणारे पंप ज्यानं खोलून जोडले, त्यानं मुठीएवढ्या पंपासाठी परक्या माणसाला हाक मारायची? मुलगी हसली आणि तिनं विषय सोडला. बापाचा अभिमान तिला ठाऊक होता. खरं कारण मात्र तिला ठाऊक नव्हतं.

मेकॅनिक आला असता, तर जळका पंप बाहेर काढून त्यानं पहिला प्रश्न विचारला असता: टाकीत पेट्रोल किती असतं? आणि तो प्रश्न बायकोसमोर विचारला असता.

फिटरनं बायकोवर कधी हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. गल्लीतल्या बायका त्याचं उदाहरण देत. गाडी चालवायला त्यानंच तिला शिकवलं होतं, चावी दाराजवळच्या खिळ्याला उघड्यावर टांगलेली असायची, हवी तेव्हा ने. फक्त पेट्रोल तो भरायचा. आणि पाव टाकीच्या वर सुई कधी जाऊ द्यायचा नाही. पूर्ण टाकी म्हणजे गाडीला उगाच ओझं, उन्हात पेट्रोल उडून जातं, रात्री चोर नळी घालून ओढून नेतात, अशी एकेक कारणं त्यानं इतक्या वर्षांत पुरवून पुरवून वापरली होती. मुलगी लहानपणी म्हणायची, आपल्या गाडीची सुई झोपाळू आहे. घरात तो विनोदच होऊन बसला. पाहुणे आले की सांगायचे, फिटर पाणी मोजून सोडायचा तसं पेट्रोलही मोजून सोडतो. फिटरही हसायचा.

याचं मूळ जुनं होतं. लग्नाला थोडी वर्षं झाली असताना एकदा दोघांचं बिनसलं. कशावरून ते आता दोघांनाही सांगता आलं नसतं. बायको त्या वेळच्या जुन्या गाडीत बसली, छोट्या मुलीला मागं झोपवलं आणि थेट धाकटीकडं गेली. फिटर आठवडाभर ताठ्यात राहिला, मग बसनं तिला आणायला गेला. धाकटीच्या स्वयंपाकघरात खाली मान घालून बसला असताना धाकटीनं चहा पुढं केला आणि गमतीत म्हणाली, "भावोजी, टाकी फुल होती म्हणून निभावलं हिचं." सगळे हसले. बायकोही हसली. फिटर ते वाक्य घेऊन घरी आला, आणि त्यानंतर त्या घरात कुठल्याही गाडीची टाकी भरली नाही.

जुन्या गाडीला त्यानं काही झालं नाही. तिचा पंप इंजिनाजवळ होता, टाकीत पेट्रोल किती याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. या गाडीचा पंप टाकीच्या तळाशी बसतो आणि पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. फिटरला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि तो तिकडं कानाडोळा करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं काम काढलं. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी होती. फिटर कामाला बसला की शिस्तीचा माणूस. आधी बॅटरीची वायर सोडवली. स्वयंपाकघरातली शेगडी बंद करायला लावली, गॅसच्या सिलिंडरचा कॉकही फिरवून पाहिला. बायकोला टॉर्च बाहेरच लावून आत आणायला सांगितलं, इथं बटण दाबायचं नाही. शेजारचा माणूस सिगारेट ओढत कुंपणापाशी आला, त्याला हाकललं. मग मागची सीट उचलून काढली. खाली पत्र्याचं एक झाकण होतं, त्याच्याखाली धूळ, एक हरवलेलं पेन आणि मुलीच्या शाळेच्या दिवसांतली एक केसांची पिन. बायकोनं ती पिन पुसून खिशात टाकली.

धूळ ब्रशनं झाडून, फडक्यानं पुसून त्यानं वायरचा कनेक्टर सोडवला, पेट्रोलच्या नळ्या फडक्यात गुंडाळून उपसल्या. पंपाला वरून दाबून धरणारी मोठी प्लॅस्टिकची चकती हाताला दाद देईना. तिच्या दातांवर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीनं हलके हलके ठोकत त्यानं ती फिरवली. शेवटी पंपाचं सगळं भांडं टाकीतून वर उचललं. पेट्रोलच्या वासानं दोघांचे डोळे चुरचुरले.

बायकोनं वाकून भोकातून आत उजेड टाकला. तळाशी एका कोपऱ्यात थोडंसं पेट्रोल चमकत होतं. बाकी टाकी कोरडी होती.

"एवढंच असतं?" ती म्हणाली.

फिटर म्हणाला की काम करायला टाकी रिकामी असलेली बरी, नशीब समज. भांड्याच्या कडेला एका तारेच्या टोकावर एक हलका काळा ठोकळा होता. बायकोनं विचारलं, हे काय. त्यानं सांगितलं, हा तरंगतो, पेट्रोल वर आलं की हा वर येतो आणि समोरची सुई हलते. तिनं बोटानं तो ठोकळा हळूहळू वर उचलला, तार जाईल तिथपर्यंत.

"इथपर्यंत जाते सुई?"

"जाते की."

"मी कधी बघितली नाही," असं म्हणून तिनं तो ठोकळा सोडून दिला. फिटरनं मान वर केली नाही. तिच्या आवाजात काही होतं की नव्हतं, हे त्याला ठरवता येईना. त्यानं भोकावर प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवला आणि जुना पंप पिशवीत घालून दुकान गाठलं.

पार्टच्या दुकानातला म्हातारा जाड भिंगांचा चष्मा लावून बसला होता. त्यानं पंप हातात घेतला, काळवंडलेली बाजू नाकाशी नेली आणि विचारलं की गाडी नेहमी रिझर्व्हवर चालवता का. फिटर नाही म्हणाला. म्हाताऱ्यानं चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं आणि नाही म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगायची ठरलेली दोन वाक्यं सांगितली: निदान अर्धी टाकी ठेवत जा, नाहीतर हाही जळेल, आणि खोक्यात रबरी रिंग आहे ती आधी टाकीच्या खाचेत बसवा, पंपाच्या गळ्यात घालून आत सोडू नका, मुरगळते. आज दुपारीच बंद करतोय, उद्याही दुकान बंद आहे, काय हवं ते आत्ताच बघून घ्या, असंही म्हणाला. फिटरला शिकवणारी माणसं आवडत नसत. त्यानं खोकं काखेत मारलं आणि निघाला.

घरी येऊन त्यानं रिंग पंपाच्या गळ्यात घातली. पंपहाऊसमध्ये ती तशीच घालत, आणि दुकानात बसणाऱ्यानं फिटरला सांगावं हे त्याच्या पचनी पडलं नव्हतं. भांडं आत सोडलं, चकती घट्ट केली, आणि शेवटच्या वेढ्याला हाताला काहीतरी कचकन लागलं. चकती पुन्हा सोडवून बघितलं तर रिंग एका जागी पिळवटून तुटली होती.

तो उकिडवा बसून राहिला. दुकान एव्हाना बंद झालं होतं, उद्या उघडणार नव्हतं. रिंग नाही म्हणजे गाडी नाही. गाडी नाही म्हणजे बायको सकाळच्या बसनं जाणार. इथं वाचणाऱ्याला वाटेल, जाऊ दे की बसनं. पण बसनं गेलेली बायको कधी परत येईल याचा हिशोब फिटरच्या हातात राहत नव्हता. गाडी असली की ती परत आणावी लागते. गाडीत किती घातलं आणि ती कुठवर पोचेल हे त्याला पाठ होतं. शिवाय धाकटीचं आता फार दिवसांचं नाही, ती गेली की तिचं घर रिकामं होणार, आणि ते घर आपल्या बायकोच्या नावावर होणार, हे त्याच्या मनातून गेल्या महिन्यापासून जात नव्हतं. इतकी भीती त्याला कशाचीच नव्हती.

"जरा शेजारून चहा करून आण," तो बायकोला म्हणाला. "आपली शेगडी पेटवता येणार नाही."

ती टॉर्च ठेवून गेली.

जुनी रिंग कोपऱ्यात पडली होती. पेट्रोलच्या वाफेनं फुगलेली, खाचेत बसवायला गेलं तर एका बाजूनं उचलली जात होती. फिटरनं पात्यानं ती तिरकी कापली, बोटाच्या पेराएवढा तुकडा काढून टाकला, दोन्ही टोकं खरवडली आणि पंक्चरच्या डबीतलं सोल्युशन लावून टोकाला टोक दाबून धरलं. पंपहाऊसमध्ये अशा रिंगा त्यानं किती जोडल्या असतील याला गणती नाही. पाण्याखाली त्या वर्षानुवर्षं टिकायच्या. आणि कधी थेंब थेंब ठिबकलंच तर ठिबकू द्यायचं, असा तिथला रिवाज होता. पाण्याच्या पंपातून थोडं ठिबकलेलंच चांगलं.

पेट्रोलमध्ये हे सोल्युशन विरघळतं, हे त्याला माहीत होतं. हाताला चिकटलेलं सोल्युशन पेट्रोलनंच तर धुतात. पण पेट्रोल तळाशी असणार आणि रिंग सगळ्यात वर. तिथपर्यंत पेट्रोल येतं ते टाकी गळ्यापर्यंत भरली तर. ती कोण भरणार होतं? फिटरनं मनाशी म्हटलं, ती परत आली की नवीन रिंग आणून घालू. त्यात त्याला काही खोट दिसली नाही.

बायको चहा घेऊन आली तेव्हा चकती घट्ट बसली होती. त्यानं बॅटरी जोडली, चावी अर्धी फिरवली, आणि मागून ती गुणगुण आली, पहिल्यापेक्षा तरुण आवाजात. बायकोच्या जिवात जीव आला. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जे ती क्वचितच करायची, आणि म्हणाली की तुमच्या हातात खरंच कसब आहे. फिटरला बरं वाटलं. ते खोटं नव्हतं.

संध्याकाळी तो एकटा जाऊन पेट्रोल घालून आला. धाकटीच्या गावापर्यंत पुरेल एवढं, वर थोडं. सुई पावाच्या रेषेवर आली होती. लांब जायचं असून एवढंच का, असं बायको विचारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं, पण तिनं विचारलं नाही. जेवताना ती गप्प होती. फिटरला वाटलं, बहिणीची काळजी. सकाळी ती निघाली तेव्हा तो फाटकापर्यंत गेला, काचा पुसून दिल्या, सावकाश जा म्हणाला. ती बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. मग गेली.

फोन आला तेव्हा तो शेड झाडत होता.

"मी हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर आहे," ती म्हणाली. "टाकी फुल केली."

फिटरच्या हातातला झाडू खाली गेला.

"सुई पार त्या टोकाला गेली आहे," ती सांगत होती. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बघतेय. हवा भरणारा माणूस हसायला लागला, म्हणाला, बाई काय नवीन गाडी का?"

आणि ती स्वतःही हसली. असं हसणं त्यानं फार दिवसांत ऐकलं नव्हतं.  डोळ्यांपुढं रिंगेचा सांधा आला, त्यावर चढलेलं पेट्रोल, सुटत चाललेली टोकं. वळणावर हिंदकळून वर येणारं पेट्रोल. मागच्या सीटखालची वायर. गाडीच्या पोटाखालून गेलेला तापलेला सायलेन्सर. एवढं सगळं त्याला एका क्षणात दिसलं, आणि तोंडातून निघालं ते हे:

"टाकी फुल कशाला केलीस? भरायची नसते, किती वेळा सांगितलं."

पलीकडचं हसणं थांबलं. त्याच क्षणी त्याला कळलं की आपण काय बोललो, पण आता मागं कसं यायचं ते सुचेना. तो म्हणाला की नवीन पंपाला सुरुवातीला भार सोसत नाही, थोडं काढून घ्यायला सांग, आणि आज तिथंच थांब, मी येतो. शब्द त्याचेच होते. आवाजही तोच, शांत, समजूतदार.

"काल संध्याकाळी मी पार्टच्या दुकानवाल्यांना फोन केला होता," बायको म्हणाली. "खोक्यावर त्यांचा घरचा नंबर होता. म्हटलं, लांब जायचंय, नवीन पंप चालेल ना. तुम्ही पेट्रोल आणायला गेला होतात तेव्हा. त्यांनी सांगितलं, बाई, टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीनंच जुना जळला. साहेबांना सांगितलंय म्हणाले."

फिटरनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही सांगाल म्हणून रात्रभर वाट बघितली. फाटकापाशीसुद्धा बघितली."

"अगं, ते नंतर बोलू. आधी तू गाडीतून उतर—"

"आता पुरे," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

त्यानं पुन्हा लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. ती गाडी चालवत असणार, फोन शेजारच्या सीटवर पडून वाजत असणार, आणि कुणाचा आहे ते बघून ती पुढं बघत असणार. खरं एका वाक्याचं होतं: मी रिंग जोडून बसवली आहे, पेट्रोल वर आलं की गळेल, खाली उतर. ते वाक्य बोलायला ती फोनवर असताना त्याला सवड होती. त्या सवडीत त्यानं तिला पंपाचा भार समजावला होता.

आता एकच माणूस होतं, ज्याचा फोन तिनं उचलला असता: मुलगी.

फिटरनं मुलीला फोन लावून सगळं सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, म्हणजे काय, कसली रिंग. तिसऱ्यांदा तिला कळलं. 

"आईला हे सांगितलंत?"

"नाही. मी म्हटलं, नवीन पंपाला..." तो थांबला.

मुलीनं फोन ठेवला.

फिटर शेडमध्ये उलट्या बादलीवर बसला. फोन मांडीवर होता. खाली जमिनीवर, झाडूनं गोळा केलेल्या कचऱ्यात, रबराचा बोटाच्या पेराएवढा तुकडा पडला होता. त्याला आठवलं, पंपहाऊसमध्ये असताना एकदा वरच्या वस्तीतून बायका रिकामी भांडी घेऊन आल्या होत्या, पाणी का सोडत नाही म्हणून. त्यानं त्यांना व्हॉल्व दाखवून समजावलं होतं, एकदम सोडलं तर लाइन फुटेल. लाइन फुटणार नव्हती. पण त्या समजून परत गेल्या होत्या, आणि तेव्हा त्याला मोठं बरं वाटलं होतं.

बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली. तो उठून फाटकापर्यंत गेला आणि परत आला. हात सारखे शर्टाला पुसत होता, कितीही पुसले तरी पेट्रोलचा वास जात नव्हता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ती जिवंत असावी, बाकी काय व्हायचं ते होऊ दे, असं तो मनाशी म्हणत होता, आणि एवढं तरी त्या क्षणी खरं म्हणत होता.

फोन वाजला. मुलीचा होता.

"थांबली," ती म्हणाली. "बाहेर उभी आहे, रस्त्याच्या कडेला, लांब."

फिटर भिंतीला टेकून खाली बसला.   मुलगी सांगत राहिली. आईला वास येत होता, पण नुकतंच पेट्रोल भरलंय म्हणून येत असेल असं तिला वाटलं, तिनं काच खाली केली होती. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानंही हॉर्न वाजवून काहीतरी खूण केली होती. त्यानंच मग सीट उचलून बघितलं. खाली पेट्रोल साचलं होतं, पत्र्यावरून ओघळून खाली गळत होतं. तो म्हणाला, ज्यानं हे काम केलं त्याला जेलमध्ये टाका. तोच तिला पुढच्या बसस्टँडवर सोडणार होता. ती बसनं धाकटीकडं जाईल, वेळेत पोचेल. गाडी तिथंच राहील. बाबांनी येऊ नये, असं तिनं सांगितलं होतं.

"बरं," फिटर म्हणाला. "बरं, बरं. ती ठीक आहे ना?"

"हो."

"काही म्हणाली?"

मुलीनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "रिंग बसवताना तुम्ही तिला शेजारी चहा करायला पाठवलंत म्हणाली. ती विचारतेय, हे तुम्ही मुद्दाम केलंत का?"

फिटरला आधी प्रश्न कळलाच नाही. मग कळला. आयुष्यात त्यानं त्या बाईच्या वाईटावर एक बोट उचललं नव्हतं. ती आजारी पडली की हा रात्र रात्र जागला होता. आणि ती आता कुठल्यातरी रस्त्याच्या कडेला उभी राहून हे विचारत होती, आणि मुलगी ते विचारत होती, आणि उत्तर काय येईल याची मुलीलाही खात्री नाही, हे तिच्या आवाजात कळत होतं.

"बाबा? मी काय सांगू तिला?"

नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. त्याचं नाही त्यानंच वापरून संपवलं होतं. त्यानं शोधलं, आत खोल कुठंतरी, एखादं निखळ खरं वाक्य, जे ऐकल्यावर कुणालाही पटेल की या माणसाच्या मनात तसलं काही नव्हतं. आणि ते त्याला सापडलं.

"मुद्दाम नाही गं," तो म्हणाला. "देवाशपथ नाही. मला वाटलं, ती टाकी कधी भरणारच नाही. मी कधी भरूच दिली नाही ना तिला."

 दूर तिच्या ऑफिसात कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं.

"बरं," मुलगी म्हणाली. "हेच सांगते तिला."

नको, हे नको सांगूस, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तोवर फोन बंद झाला होता.